तारानिर्मितीचा बहर : एम ८२ या दीर्घिकेचे वाचन

१

आकाशातील तारकाविश्वांना भारतीय भाषांनी दिलेली नावे एकत्र मांडून पाहिली, तर त्यांत दोन कुळे ठळकपणे दिसतात. एक कूळ वाटेचे. बंगालीतील ‘छायापथ’, मलयाळममधील ‘तारापथम्’ आणि तमिळमधील ‘पाल्वीदि’ ही नावे त्या कुळातील होत. दुसरे कूळ पाण्याचे. सर्वत्र परिचित असलेली ‘आकाशगंगा’, हिंदीतील ‘मंदाकिनी’ आणि मराठीतील ‘दीर्घिका’ ही त्यातली. इंग्रजी ‘गॅलॅक्सी’च्या मुळाशी ग्रीक भाषेतील दुधाचा वाचक शब्द आहे, आणि तमिळ नावातील ‘पाल्’ म्हणजेही दूधच. पाण्याच्या कुळातही मराठीचा शब्द थोडा निराळा आहे. गंगा आणि मंदाकिनी या वाहत्या आहेत. संस्कृत काव्यात ‘दीर्घिका’ म्हणजे प्रासादाच्या उपवनातील लांबट, बांधीव जलाशय. वाहत्या प्रवाहाऐवजी साठलेल्या पाण्याची कल्पना या शब्दात आहे.

ज्या विषयाचा परिचय येथे करून द्यावयाचा आहे, त्याला हा शब्द विशेष अनुरूप आहे. दीर्घिका म्हणजे गुरुत्वाकर्षणाने एकत्र बांधलेला अब्जावधी ताऱ्यांचा, वायूचा आणि धुळीचा समूह. तीतील वायू हा पुढे जन्मणाऱ्या ताऱ्यांचा साठा होय. तो किती आहे, त्याचा उपसा किती वेगाने होत आहे आणि बाहेरून नवी भर किती पडते, या तीन गोष्टींवर दीर्घिकेचे भवितव्य अवलंबून असते. बहुतेक दीर्घिका हा साठा जपून वापरतात. काही दीर्घिकांत मात्र तो अशा वेगाने खर्ची पडताना दिसतो की, विश्वाच्या वयाच्या मानाने अत्यल्प काळात तो संपून जावा. अशा दीर्घिकांमध्ये ताऱ्यांच्या जन्माला जणू बहर आलेला असतो. ‘बहर’ हाच शब्द का योजावा, याचा विचार शेवटी केला आहे. तत्पूर्वी ही घटना खगोलशास्त्रज्ञांच्या ध्यानात कशी आली, हे पाहणे अगत्याचे आहे. कारण तिचा इतिहास हा मुख्यतः एका चुकलेल्या आणि नंतर सुधारलेल्या अर्थनिर्णयाचा इतिहास आहे.

२

प्रथम सामान्य स्थिती लक्षात घेतली पाहिजे. आपल्या आकाशगंगेत दरवर्षी सूर्याच्या सुमारे दीड ते दोन पट वस्तुमानाइतका वायू ताऱ्यांत रूपांतरित होतो. हे रूपांतर सर्वत्र होत नाही. ज्या ठिकाणी वायू अतिशीत आणि दाट होऊन त्याचे प्रचंड रेणुमेघ बनतात, तेथेच त्याचे तुकडे स्वतःच्या भाराने आकुंचन पावतात आणि त्यांतून तारे सिद्ध होतात. मेघातील वायूचा फारच थोडा अंश ताऱ्यांच्या वाट्याला येतो. उरलेला नवजात ताऱ्यांच्या प्रारणाने आणि वाऱ्यांनी उधळला जातो. तारानिर्मिती ही अशी स्वतःला आवर घालणारी प्रक्रिया आहे.

जन्मणारे तारे एकाच प्रकारचे नसतात. सूर्यापेक्षा लहान तारे संख्येने कितीतरी अधिक असतात, पण प्रकाश मात्र मुख्यत्वे थोड्या, महाकाय ताऱ्यांचा असतो. सूर्याच्या वीस पट वस्तुमानाचा तारा सूर्याहून कित्येक हजार पटींनी तेजस्वी असतो आणि त्याचे आयुष्य एक कोटी वर्षांच्या आसपास आटोपते. सूर्याचे आयुष्य मात्र सुमारे १००० कोटी वर्षांचे आहे. यावरून एक महत्त्वाचे अनुमान निघते. एखाद्या प्रदेशात निळे, महाकाय तारे मोठ्या संख्येने दिसत असतील, तर ते नुकतेच जन्मलेले असले पाहिजेत. कारण जुने असते तर ते आता उरलेच नसते. महाकाय तारा हा खगोलशास्त्रज्ञाच्या दृष्टीने कालनिर्देशक पुरावा ठरतो. हस्तलिखिताच्या लिपीतील एखादे अल्पजीवी अक्षरवळण जसे त्या प्रतीचा काळ सांगते, तसेच काम तो करतो.

३

सप्तर्षींच्या तारकासमूहात एम ८१ आणि एम ८२ या दोन दीर्घिका शेजारी शेजारी दिसतात. जर्मन खगोलशास्त्रज्ञ योहान एलर्ट बोडे याने १७७४ च्या अखेरीस त्या प्रथम नोंदविल्या. पुढे फ्रान्समध्ये शार्ल मेसिए याच्या यादीत त्यांना ८१ आणि ८२ हे क्रमांक मिळाले. दोन्ही पृथ्वीपासून सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षांवर आहेत. एम ८१ ही रेखीव सर्पिल बाहू असलेली, मोठी आणि शांत दीर्घिका आहे. एम ८२ तिच्या मानाने लहान, कडेने दिसणारी, चिरुटासारखी लांबट आणि काळ्या धुळीच्या पट्ट्यांनी चिरफाळलेली आहे. दीर्घिकांच्या रूढ आकारांपैकी एकातही ती नीट बसत नसे, आणि बराच काळ ती ‘अनियमित’ या सोयीच्या कप्प्यात पडून राहिली.

१९६१ मध्ये सी. आर. लिंड्स यांनी आकाशातील एका ज्ञात रेडिओ-उद्गमाची सांगड एम ८२ शी घातली. त्यानंतर ॲलन सँडेज यांनी पालोमार येथील दोनशे इंची दुर्बिणीतून हायड्रोजनच्या तांबड्या प्रकाशात तिची छायाचित्रे घेतली. त्यांत एक विलक्षण दृश्य दिसले. दीर्घिकेच्या मध्यापासून वर आणि खाली, तिच्या चकतीला काटकोनात, तंतुमय वायूचे झुबके हजारो प्रकाशवर्षे पसरलेले होते. वर्णपटावरून हा वायू मध्यापासून दूर धावत असल्याचे आढळले. १९६३ मध्ये लिंड्स आणि सँडेज यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. या दीर्घिकेच्या केंद्रात सुमारे पंधरा लाख वर्षांपूर्वी एक प्रचंड स्फोट झाला असावा, असे त्यांनी मांडले.

हा निष्कर्ष त्या काळाच्या विचारविश्वाशी पूर्णपणे जुळणारा होता. आर्मेनियातील व्हिक्टर अंबार्टसुम्यान यांनी दीर्घिकांच्या केंद्रांत महान घडामोडी होतात, असे १९५० नंतरच्या दशकात आग्रहाने प्रतिपादिले होते. १९६३ मध्येच मार्टेन श्मिट यांनी ३सी २७३ या क्वेसारच्या वर्णपटाचे कोडे उलगडले आणि एवढ्याशा जागेतून एवढी ऊर्जा कोठून येते, हा प्रश्न सर्वांपुढे उभा राहिला. दीर्घिकांच्या केंद्रातील स्फोट ही कल्पना हवेतच होती, आणि एम ८२ च्या रूपाने तिला डोळ्यांना दिसणारे उदाहरण सापडले. पुष्कळ वर्षे ही दीर्घिका ‘स्फोट पावणारी दीर्घिका’ म्हणूनच ग्रंथांतून वर्णिली गेली.

४

या अर्थनिर्णयाला पहिला धक्का तंतूंच्या प्रकाशानेच दिला. तो प्रकाश ध्रुवित होता. चुंबकीय क्षेत्रात वेगाने फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा प्रकाशही ध्रुवित असतो, म्हणून आरंभी हा गुणधर्म स्फोटाच्या बाजूचा पुरावा मानला गेला. परंतु १९७० नंतर हायड्रोजनच्या रेषेतील प्रकाशही ध्रुवित असल्याचे दिसून आले, आणि तो इलेक्ट्रॉनांपासून निघालेला असू शकत नव्हता. दीर्घिकेच्या आतला प्रकाश बाहेर पसरलेल्या धुळीवर आपटून आपल्याकडे वळत होता. जे तंतू स्वयंप्रकाशी वाटले होते, त्यांतील प्रकाशाचा काही भाग उसना निघाला.

दुसरा आणि निर्णायक धक्का अवरक्त प्रकाशाच्या निरीक्षणांनी दिला. तरुण ताऱ्यांभोवती धुळीचे दाट आवरण असते. ते त्यांचा दृश्य व जंबुपार प्रकाश गिळते आणि तीच ऊर्जा उष्णतेच्या रूपाने, म्हणजे अवरक्त किरणांच्या रूपाने, बाहेर टाकते. भट्टीतला जाळ दिसत नसला तरी बाहेरच्या भिंतीला हात लावला की आत काय चालले आहे ते कळते. तसाच हा प्रकार. फ्रँक लो आणि त्यांचे सहकारी यांनी १९६० नंतरच्या दशकाच्या उत्तरार्धात काही दीर्घिका अवरक्तात अनपेक्षितपणे प्रखर असल्याचे दाखविले. एम ८२ त्यांपैकीच. जॉर्ज रीके आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये एम ८२ व एनजीसी २५३ यांच्या केंद्रप्रदेशातील ऊर्जेचा तपशीलवार हिशेब मांडला. एकाच स्फोटाची, किंवा एखाद्या गूढ यंत्राची, तेथे गरज नाही. अल्पावधीत मोठ्या संख्येने जन्मलेले तारे एवढ्यानेच सर्व निरीक्षणांचा उलगडा होतो, असे त्यातून दिसले.

या विचाराची भूमी तोवर तयार झाली होती. लेनर्ड सर्ल आणि वॉलेस सार्जंट यांनी १९७० ते १९७३ या काळात काही लहान, निळ्या दीर्घिकांचे वर्णपट तपासून, तेथील तारानिर्मिती अखंड एकाच गतीने चालू असणे शक्य नाही, ती मधूनमधून उफाळत असली पाहिजे, असे दाखविले होते. १९७८ मध्ये रिचर्ड लार्सन आणि बिअॅट्रिस टिन्सली यांनी हॉल्टन आर्प यांच्या १९६६ च्या सुप्रसिद्ध संग्रहातील विक्षिप्त दीर्घिकांच्या रंगांची तुलना साध्या दीर्घिकांशी केली. साध्या दीर्घिकांचे रंग एका अरुंद पट्ट्यात येत होते, तर विक्षिप्त दीर्घिकांचे रंग दूरवर विखुरलेले होते. आणि अल्पकालीन, तीव्र तारानिर्मिती गृहीत धरली की त्या विखुरण्याचा अर्थ लागत होता. दीर्घिका कालानुसार बदलतात, ही दृष्टी रुजविण्यात ज्यांचा मोठा वाटा होता त्या टिन्सली यांचे १९८१ मध्ये, वयाच्या अवघ्या चाळिसाव्या वर्षी निधन झाले. त्याच वर्षी डॅनियल वीडमन आणि सहकाऱ्यांनी एनजीसी ७७१४ या दीर्घिकेवरील लेखात ‘स्टारबर्स्ट’ हा शब्द शीर्षकातच योजिला, आणि या वर्गाला रूढ नाव मिळाले.

५

जानेवारी १९८३ मध्ये अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांनी मिळून ‘आयरस’ हा अवरक्त निरीक्षणाचा उपग्रह सोडला. तो जेमतेम दहा महिने चालला. पण त्याने जवळजवळ सगळ्या आकाशाची पाहणी केली. दृश्य प्रकाशात क्षुल्लक वाटणाऱ्या काही दीर्घिका अवरक्तात सूर्याच्या लाख कोटी पटींहून अधिक तेजाने तळपत असल्याचे तिच्यातून दिसले. आर्प २२० हे यांचे जवळचे उदाहरण. सुमारे २५ कोटी प्रकाशवर्षांवरच्या या दीर्घिकेत दरवर्षी जवळजवळ २०० सूर्यांइतका वायू ताऱ्यांत रूपांतरित होतो. तिच्या मध्यभागी एक नव्हे तर दोन केंद्रे आहेत. म्हणजेच ही एक दीर्घिका नसून, एकमेकींत विलीन होत असलेल्या दोन दीर्घिका आहेत.

येथे कारणाचा प्रश्न येतो. आलार आणि युरी टूमरे या बंधूंनी १९७२ मध्ये संगणकाच्या साहाय्याने, दोन दीर्घिका जवळून गेल्या असता परस्परांच्या भरती-ओहोटीच्या ओढीने ताऱ्यांचे पूल आणि शेपट्या कशा तयार होतात, हे दाखविले होते. ताऱ्यांमध्ये अंतर अफाट असल्यामुळे दीर्घिकांच्या भेटीत तारे एकमेकांवर आदळत नाहीत. वायूचे तसे नसते. वायूचे मेघ एकमेकांवर आपटतात, त्यांची परिभ्रमणाची गती कमी होते आणि ते केंद्राकडे घसरतात. एरवी संपूर्ण चकतीभर पसरलेला साठा थोड्याशा जागेत कोंबला जातो. वायूची घनता वाढली की तारानिर्मितीचा वेग घनतेच्या प्रमाणापेक्षाही अधिक वाढतो, हे श्मिट यांनी १९५९ मध्ये सुचविलेले आणि रॉबर्ट केनिकट यांनी १९९८ मध्ये अनेक दीर्घिकांच्या आधारे पक्के केलेले नाते आहे. दुप्पट दाट वायूतून तारे दुपटीहून अधिक वेगाने जन्मतात. बहराचे गमक या वाक्यात आहे.

एम ८२ च्या बाबतीत हा परिचय कोणाशी झाला, याचे उत्तर शेजारीच होते. दृश्य प्रकाशात एम ८१ आणि एम ८२ एकमेकींपासून अलिप्त दिसतात. १९९४ मध्ये मिन युन, पॉल हो आणि के. वाय. लो यांनी हायड्रोजन वायूच्या एकवीस सेंटिमीटर लांबीच्या रेडिओ लहरींत या प्रदेशाचा नकाशा प्रसिद्ध केला. त्यात एम ८१, एम ८२ आणि तिसरी लहान दीर्घिका एनजीसी ३०७७ या तिघी वायूच्या लांबच लांब पुलांनी जोडलेल्या दिसल्या. काही दहा कोटी वर्षांपूर्वी एम ८२ मोठ्या शेजारणीच्या जवळून गेली आणि तिची घडी विस्कटली. ‘अनियमित’ या शब्दाने जे केवळ नोंदविले होते, त्याचे कारण या नकाशाने सांगितले.

६

एम ८२ मध्ये आज दरवर्षी सुमारे १० सूर्यांइतके तारे जन्मतात, आणि तेही मुख्यत्वे मध्यवर्ती एक-दोन हजार प्रकाशवर्षांच्या पट्ट्यात. त्या पट्ट्यातील वायूचा साठा वीस ते तीस कोटी सूर्यांइतका धरला, तर साधा भागाकार सांगतो की हा खर्च दोन-तीन कोटी वर्षांहून अधिक काळ निभणार नाही. आर्प २२० मध्ये सुमारे ९०० कोटी सूर्यांइतका वायू आहे. तोही २०० च्या वेगाने साडेचार कोटी वर्षांत सरेल. विश्वाचे वय १३८० कोटी वर्षे आहे. त्याच्या मानाने या मुदती क्षणभंगुर होत. बहर हा कायमचा असू शकत नाही, हे कोणतीही दुर्बीण न उचलता या हिशेबावरूनच सिद्ध होते. नताशा फर्स्टर श्रायबर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये एम ८२ च्या केंद्राचे जे विश्लेषण केले, त्यातही दोन स्वतंत्र उसळ्या आढळल्या. एक सुमारे एक कोटी वर्षांपूर्वीची, दुसरी पन्नास लाख वर्षांपूर्वीची. आणि प्रत्येक काही दशलक्ष वर्षेच टिकलेली.

वायू केवळ ताऱ्यांत जाऊन संपतो असे नाही. तो बाहेरही फेकला जातो. महाकाय ताऱ्यांचा शेवट अतिदीप्त नवताऱ्याच्या रूपाने, म्हणजे स्फोटाने, होतो. आकाशगंगेत असे एक-दोन स्फोट शतकातून होतात. एम ८२ मध्ये दर दहा-वीस वर्षांनी एक होतो. एका छोट्या प्रदेशात असे स्फोट पाठोपाठ झाले की त्यांचे तप्त वायूचे बुडबुडे एकमेकांत मिसळतात. कोट्यवधी अंश तापलेला हा वायू चकतीत मावत नाही. दाट चकतीच्या आडव्या दिशेला वाट नसल्यामुळे तो वर आणि खाली फुटतो, आणि जाताना थंड वायूचे व धुळीचे तंतू ओढून नेतो. क्ष-किरण उपग्रहांनी हा तप्त वारा प्रत्यक्ष टिपला आहे, आणि त्याच्या खुणा दीर्घिकेपासून तीस हजार प्रकाशवर्षांपलीकडे पोहोचलेल्या आढळतात. लिंड्स आणि सँडेज यांनी १९६३ मध्ये पाहिलेले तंतू ते हेच. त्यांचे निरीक्षण चुकले नव्हते. वायू खरोखरच बाहेर धावत होता, आणि स्फोटही खरेच होते. चूक एवढीच की, जे असंख्य जन्मांचे आणि मरणांचे एकत्रित फलित होते, त्याला त्यांनी एका घटनेचे रूप दिले.

या वाऱ्याचे महत्त्व एका दीर्घिकेपुरते नाही. प्राणवायू, मॅग्नेशियम, सिलिकॉन ही मूलद्रव्ये महाकाय ताऱ्यांच्या पोटात तयार होतात, आणि स्फोटाने बाहेर पडतात. बहराच्या काळातील वारे ती दीर्घिकांमधल्या पोकळीत नेऊन सोडतात. विश्वारंभी केवळ हायड्रोजन, हेलियम आणि लेशमात्र लिथियम होते. आज दीर्घिकांच्या बाहेरच्या विरळ वायूतही जड मूलद्रव्ये सापडतात, याचे श्रेय बऱ्याच अंशी अशा वाऱ्यांना आहे.

पुरावा कोठे शोधावा, याचाही एक धडा या दीर्घिकेने दिला आहे. २१ जानेवारी २०१४ रोजी लंडनमधील युनिव्हर्सिटी कॉलेजच्या वेधशाळेत स्टीव्ह फॉसी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांना एम ८२ मध्ये एक तेजस्वी अतिदीप्त नवतारा दिसला. जगभर त्याचा गाजावाजा झाला. परंतु तो होता श्वेत बटू ताऱ्याच्या स्फोटाचा. त्याचा या बहराशी थेट संबंध नव्हता. याउलट, २००८ च्या आरंभी ज्याचा स्फोट झाला आणि जो बहरातील खऱ्या महाकाय ताऱ्याचा अंत मानला जातो, तो धुळीमुळे दृश्य प्रकाशात कोणालाच दिसला नाही. रेडिओ लहरींच्या निरीक्षणांत तो २००९ मध्ये सापडला. जो गाजला तो बहरातला नव्हता, आणि जो बहरातला होता तो गाजला नाही.

७

हवाईतील जेम्स क्लार्क मॅक्सवेल दुर्बिणीवर ‘स्कुबा’ नावाचे उपकरण बसविल्यावर, १९९७-९८ च्या सुमारास, अतिदूरच्या आणि म्हणून अतिप्राचीन काळातल्या धूलिमय दीर्घिका उजेडात आल्या. त्यांत दरवर्षी शेकडो सूर्यांइतके तारे जन्मत होते. पुढील दोन दशकांच्या पाहणीतून असे चित्र उभे राहिले की, सर्व विश्वातील तारानिर्मिती सुमारे १००० कोटी वर्षांपूर्वी शिगेला पोहोचली होती आणि तेव्हापासून ती जवळजवळ दशांशावर आली आहे. आजचे विश्व ओहोटीच्या काळातले आहे.

यामुळे एक तात्त्विक अडचण उभी राहिली. आज दरवर्षी शंभर सूर्यांइतके तारे घडविणारी दीर्घिका अपवादात्मक मानावी लागते. १००० कोटी वर्षांपूर्वीच्या मोठ्या दीर्घिकांत मात्र हा वेग बराचसा नेहमीचा होता. कारण त्यांच्याजवळ वायूच कितीतरी अधिक होता. हर्शेल या अवरक्त वेधशाळेच्या २००९ ते २०१३ या काळातील निरीक्षणांनी ही गोष्ट ठसविली. तेव्हाच्या एकूण तारानिर्मितीत खऱ्या बहराचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपासच होता. तेव्हा बहराची व्याख्या केवळ वेगावरून करता येत नाही. त्या काळातल्या, तेवढ्याच वस्तुमानाच्या इतर दीर्घिकांच्या मानाने वेग किती, आणि हाती असलेला वायू किती काळ पुरेल, हे विचारावे लागते. वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासकांना हा प्रश्न अपरिचित नाही. एका कालखंडाचे नवल दुसऱ्याचा प्रघात असतो, आणि प्रघात माहीत असल्याखेरीज नवलाची नोंद करता येत नाही.

या शोधात भारतातील संशोधनाचाही वाटा आहे. २०१५ मध्ये सोडलेल्या ‘ॲस्ट्रोसॅट’ उपग्रहावरील जंबुपार दुर्बिणीच्या साहाय्याने पुण्याच्या आयुका संस्थेतील कनक साहा आणि सहकाऱ्यांनी २०२० मध्ये, सुमारे ९३० कोटी प्रकाशवर्षांवरच्या एका दीर्घिकेतून येणारा अतितीव्र जंबुपार प्रकाश टिपल्याचे प्रसिद्ध केले. अशा प्रकाशाचा उगम तरुण, तप्त ताऱ्यांत असतो आणि तो सहसा दीर्घिकेतील वायूतच शोषला जातो. तो बाहेर निसटू शकतो, हे दाखविणारे उदाहरण मोलाचे ठरते. कारण आरंभीच्या विश्वातील थंड, उदासीन वायू पुन्हा आयनित कसा झाला, हा प्रश्न त्याच्याशी निगडित आहे. पुणे जिल्ह्यात नारायणगावजवळ खोडद येथे उभारलेली तीस अँटेनांची महाकाय मीटरलहर रेडिओ दुर्बीण अशाच दीर्घिकांतील स्फोटावशेषांपासून येणाऱ्या दीर्घ लहरी ग्रहण करू शकते.

८

आता शब्दाचा विचार. इंग्रजी ‘बर्स्ट’ला मराठीत सहज सुचणारा प्रतिशब्द ‘स्फोट’. परंतु ‘तारास्फोट’ म्हटले की ताऱ्याचा स्फोट, म्हणजे त्याचे मरण, असा अर्थ मनात येतो, आणि येथे सांगावयाचे आहेत ते जन्म. शिवाय एम ८२ च्या बाबतीत ‘स्फोट’ हा शब्द एकदा शास्त्रालाच फसवून गेला आहे. ‘उद्रेक’ हा शब्द ज्वालामुखीला किंवा साथीला शोभतो. त्यात अनिष्टाची छटा आहे. फ्रेंच भाषेने ‘फ्लांबे’ हा शब्द घेतला, म्हणजे भडका. इंधन वेगाने जळून संपणे त्यात येते, पण नवनिर्मिती येत नाही.

‘बहर’ या शब्दात तीनही गोष्टी येतात. विदर्भातील संत्रा-बागाईतदार मृग बहर, आंबिया बहर आणि हस्त बहर असे भेद करतात, आणि बहर ‘धरतात’. त्यासाठी झाडाचे पाणी काही काळ तोडून त्याला ताण देतात आणि मग पाणी सोडतात. बहर आपोआप येत नाही, त्याला निमित्त लागते. तो मुदतीचा असतो. आणि पेलवणार नाही इतका बहर आला तर झाड खचते. दीर्घिकेच्या बाबतीत निमित्त शेजारणीच्या ओढीचे, मुदत काही कोटी वर्षांची, आणि खचणे म्हणजे वायूचा साठा सरून ती निस्तेज, तांबूस ताऱ्यांची होऊन राहणे. साम्य येथेच थांबते, हेही सांगितले पाहिजे. झाडाला पुढच्या वर्षी पुन्हा पाणी मिळते. दीर्घिकेला बाहेरून नवा वायू मिळेलच याची शाश्वती नाही.

आपल्या आकाशगंगेच्या बाबतीत हा प्रश्न खुला आहे. शेजारच्या देवयानी दीर्घिकेशी तिची सुमारे ४०० कोटी वर्षांनी टक्कर निश्चित होईल, असे २०१२ मध्ये हबल दुर्बिणीच्या मोजमापांवरून मानले गेले होते. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अधिक काटेकोर गणनेने ती निश्चिती काढून घेतली. पुढील १००० कोटी वर्षांत ही टक्कर होण्याची शक्यता निम्म्याच्या आसपास आहे. भेट झालीच, तर उरलेल्या वायूचा एक अखेरचा बहर येईल. न झाली, तर आकाशगंगा वर्षाला एक-दोन सूर्य घडवीत, तळ्यातले पाणी ओंजळीने काढावे तशी, आपला साठा दीर्घकाळ पुरवील.